आरोग्यशालेची वास्तु : बेदर, हैदराबाद व नायगांवचा प्रदेश

१. विषय व त्याची मर्यादा

नांदेडाहून देगलूरमार्गें हैदराबादेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नांदेडापासून सुमारें पन्नास किलोमीटरांवर, नायगांव हें तालुक्याचें गांव लागतें. हा प्रदेश पूर्वीं बिलोली तालुक्यांत मोडत असे. उत्तरेस गोदावरी व पूर्वेस मांजरा ह्या दोन नद्यांच्या मध्यें तो वसलेला आहे. पंधराव्या शतकांत येथील रयतेची राजधानी बेदर होती. पुढें निजामाच्या अमलांत हैदराबाद झाली, व हा संबंध १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत टिकला. १९५६ मध्यें मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत व १९६० मध्यें महाराष्ट्र राज्यांत आला. अर्थात् ह्या भागांतील आरोग्यसंस्थांचा पूर्वेतिहास शोधणाऱ्यानें केवळ पुणें-मुंबईकडे पाहून भागत नाहीं. त्यास बेदर व हैदराबाद ह्यांकडे वळावें लागतें. आमच्या इतिहासलेखनांत ही दिशा बरीच उपेक्षित राहिली आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय वैद्यकाचा इतिहास हा नसून आजारी व वृद्ध मनुष्यास ज्या वास्तूंत ठेवावयाचें त्या वास्तूचा इतिहास हा आहे. भिंती, खिडक्या, अंगण, झाड, वारा व ऊन ह्यांचा रोग्याच्या स्वास्थ्याशीं कांहीं संबंध आहे, हें आमच्या पूर्वजांनीं ओळखलें होतें काय? ओळखलें असल्यास तें ज्ञान पोथींत राहिलें कीं दगडाचुन्यांत उतरलें?

ह्या प्रश्नाचीं दोन उत्तरें वारंवार ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो कीं, इस्पितळ ही वस्तु इंग्रजांनीं आणली. तत्पूर्वीं येथें वैद्य होते, परंतु रोग्यांसाठीं बांधलेलें घर नव्हतें. दुसरा पक्ष म्हणतो कीं, चरकसंहितेंत सर्व कांहीं आहे व पाश्चात्त्यांनीं नवीन असें कांहींच सांगितलें नाहीं. दोन्ही विधानें पुराव्याच्या कसोटीस लावून पाहणें हा ह्या लेखाचा हेतु होय. त्यासाठीं पुराव्याचे तीन वर्ग निरनिराळे ठेवले पाहिजेत. ग्रंथ हा काय असावें तें सांगतो. शिलालेख व तवारीख हीं कशासाठीं उत्पन्न लावून दिलें तें सांगतात. आणि काय बांधलें गेलें तें उभी असलेली वास्तु सांगते. ह्या तिहींची गल्लत झाल्यामुळेंच वरील दोन पक्ष एकमेकांशीं भांडत राहिले आहेत.

२. ग्रंथांचा पुरावा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील पंधराव्या, म्हणजे उपकल्पनीय नांवाच्या अध्यायांत, वमनविरेचनादि उपचारांपूर्वीं रोग्यासाठीं घर कसें सिद्ध करावें हें सांगितलें आहे. वास्तुविद्या जाणणाऱ्यानें तें बांधावें. तें मजबूत असावें. झोताचा वारा त्यांत शिरूं नये, तथापि त्याचा एक भाग मोकळ्या हवेचा असावा. आंत सुखानें फिरतां यावें. तें डोंगराच्या कुशींत किंवा अडचणीच्या जागीं दडलेलें नसावें. धूर, ऊन, पाणी व धूळ ह्यांपासून तें सुरक्षित असावें. अप्रिय आवाज, वास व दृश्यें रोग्यापर्यंत पोहोंचूं नयेत. पाणी, उखळ-मुसळ, शौचकूप, स्नानाची जागा व स्वयंपाकघर हीं त्यास जोडलेलीं असावीं. सेवक कसे असावेत हें सांगतांना रोग्यास उठविण्या-निजविण्यांत कुशल माणसांबरोबर गाणारे, वाजविणारे व कथा-पुराणें सांगणारे ह्यांचीहि गणना केली आहे. सुश्रुतसंहितेंत जखमी मनुष्याच्या निवासासंबंधीं जें प्रकरण आहे त्यांतहि स्वच्छ व ऊनवाऱ्यापासून राखलेलें घर, ऐसपैस शय्या आणि गोड गोष्टी सांगून वेदनेचा विसर पाडणारे सुहृद् ह्यांचा निर्देश आहे.

हें वर्णन वाचून कोणासहि आनंद वाटेल. परंतु येथें दोन सावधगिरीच्या सूचना करणें अवश्य आहे. पहिली अशी कीं, चरकाच्या ह्या अध्यायांतील घर सार्वजनिक नाहीं. राजा, राजतुल्य पुरुष किंवा विपुल द्रव्य असलेला मनुष्य ह्यांच्यासाठीं तें सांगितलें आहे, व दरिद्री मनुष्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें उपाय करावा असें तेथेंच म्हटलें आहे. दुसरी सूचना पशुपक्ष्यांविषयीं आहे. त्या घरीं लावे, कपिंजल, ससे, हरिणें व दुभती गाय ठेवावी असें सांगितलें आहे. अलीकडील कांहीं लेखक हें वाचून, प्राण्यांच्या सहवासानें रोग्याचें मन रमवावें असा त्याचा अर्थ करतात. गाय दुधासाठीं आहे हें उघड आहे. आणि लावे व कपिंजल हे पथ्याच्या मांसरसांत येणारे पक्षी असल्यामुळें त्यांचा उपयोगहि स्वयंपाकघराकडेच असावा असें संदर्भावरून दिसतें. मनोरंजनाची तरतूद गाणाऱ्यांकडे व कथेकऱ्यांकडे आहे, आणि ती स्वतंत्रपणें पुरेशी महत्त्वाची आहे. तिला सशांचा टेकू देण्याची गरज नाहीं.

ह्या खासगी घराची कल्पना सार्वजनिक आरोग्यशालेपर्यंत कशी पोहोंचली, ह्याचा धागा महाराष्ट्रांतील दोन ग्रंथकारांपाशीं सांपडतो. उत्तर कोंकणचा शिलाहार राजा अपरादित्य ह्याच्या नांवें प्रसिद्ध असलेली याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका बाराव्या शतकांतील आहे. तींत नंदिपुराणाच्या आधारें आरोग्यशाला स्थापन करण्याचें पुण्य वर्णिलें आहे. पुढें तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि ह्यानें चतुर्वर्गचिंतामणीच्या दानखंडांत हाच विषय घेतला. हेमाद्रि हा नुसता धर्मशास्त्री नव्हता. अष्टांगहृदयावरील आयुर्वेदरसायन ही टीका त्याचीच. धर्म, अर्थ, काम व मोक्ष हे चारहि पुरुषार्थ आरोग्यावर अवलंबून असल्यामुळें जो आरोग्य देतो तो सर्व कांहीं देतो, हा ह्या दानामागचा विचार आहे. मराठवाड्याच्या भूमींत बसून लिहिणाऱ्या मंत्र्यानें औषधें व जाणता वैद्य ह्यांनीं युक्त अशी शाळा ही दानाची वस्तु मानावी, ही गोष्ट आमच्या प्रांताच्या इतिहासांत नमूद करण्यासारखी आहे. तथापि दानखंड हाहि ग्रंथच. त्यांत लिहिलें म्हणजे बांधलें गेलें, असें होत नाहीं.

३. शिलालेखांचा पुरावा

प्रत्यक्ष उत्पन्न लावून दिल्याचा पुरावा पाहण्यासाठीं थोडें दक्षिणेस व पूर्वेस जावें लागतें. कांचीच्या परिसरांतील तिरुमुक्कूडल येथें चोळ राजा वीरराजेंद्र (इ. स. १०६३ ते १०७०) ह्याच्या काळचा विस्तृत लेख आहे. देवळाच्या आश्रयानें चालणारी वेदपाठशाळा, विद्यार्थ्यांचें वसतिगृह व आतुरशाला ह्यांचा खर्च त्यांत बारकाईनें लावून दिला आहे. आतुरशालेंत पंधरा खाटा होत्या. एक वैद्य, एक शस्त्रवैद्य, औषधी व सरपण आणणारे गडी, शुश्रूषा करणाऱ्या स्त्रिया व पाणक्या ह्यांचीं वेतनें आणि औषधांची यादी लेखांत आढळते. इ. स. १२६१ च्या मलकापुरम् लेखांत काकतीय राणी रुद्रमदेवीच्या काळांतील शैव आचार्य विश्वेश्वर ह्यानें मठाबरोबर प्रसूतिशाला व आरोग्यशाला ह्यांची व्यवस्था लावल्याचें दिसतें. काकतीयांची राजधानी ओरंगल नायगांवपासून फार दूर नाहीं, व हेमाद्रीचा आणि ह्या लेखाचा काळ एकच आहे. एकाच पिढींत गोदावरीच्या वरच्या अंगास दानखंड लिहिला जातो व आंध्रांत आरोग्यशालेस गांवाचें उत्पन्न मिळतें, हा योग लक्षांत ठेवावा.

ह्या लेखांनीं पहिल्या पक्षाचें विधान निकालांत निघतें. रोग्यांसाठीं स्वतंत्र जागा, ठरलेल्या खाटा, पगारी सेवक व कायमचें उत्पन्न ह्या चारहि गोष्टी इंग्रज येण्यापूर्वीं शेकडों वर्षें येथें होत्या. परंतु त्या देवळाच्या मंडपाच्या किंवा मठाच्या आश्रयानें नांदत. रोग्यासाठीं मुद्दाम आंखलेल्या वास्तूचा प्रश्न अद्याप उरतोच.

४. बेदर येथील दवाखाना

बहामनी सुलतान अहमदशाह ह्यानें राजधानी गुलबर्ग्याहून बेदरास नेली. बेदर हें समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून अधिक उंचीच्या, लाल जांभ्या दगडाच्या पठाराच्या कडेवर आहे. तेथील निर्मळ हवा हें राजधानी हलविण्याचें एक कारण परंपरेनें सांगितलें जातें. अहमदशाहाचा मुलगा दुसरा अलाउद्दीन अहमद (इ. स. १४३६ ते १४५८) ह्यानें बेदरांत मोठा दवाखाना स्थापन केला, रोग्यांचीं औषधें व अन्न ह्यांसाठीं गांवांचें उत्पन्न त्यास तोडून दिलें व मुसलमान हकीमांबरोबर हिंदु वैद्यहि नेमले, असें फेरिश्ता लिहितो. फेरिश्ता हा त्यानंतर सुमारें दीडशें वर्षांनीं लिहिणारा. तेव्हां त्याच्या प्रत्येक शब्दावर भार टाकतां येणार नाहीं. परंतु इनाम गांवें व दोन्ही परंपरांचे वैद्य ह्या दोन तपशिलांत अतिशयोक्तीस विशेष जागा दिसत नाहीं. नायगांवपासून सरळ रेषेंत बेदर सुमारें शंभर किलोमीटर दक्षिणेस आहे. म्हणजे ह्या भागांतील मनुष्यास जवळची अशी पहिली इतिहासप्रसिद्ध आरोग्यशाला ती हीच.

ही वास्तु कशी होती ह्याचा अंदाज बांधण्यास त्याच शहरांतील एक समकालीन इमारत मदत करते. महमूद गवानचा मदरसा इ. स. १४७२ चा आहे. इ. स. १६९६ मध्यें दारूच्या स्फोटानें त्याचा मोठा भाग ढासळला. तरी उरलेला भाग पाहिला म्हणजे योजना स्पष्ट होते. मधें चौरस मोकळा चौक, भोंवतीं तीन मजल्यांच्या खोल्या, व चौकाकडून आणि बाहेरून अशा दोन्ही अंगांनीं उजेड व वारा येईल अशीं उघडीं तोंडें. प्रस्तुत लेखकानें भर वैशाखांत दुपारीं ह्या खोल्यांत उभें राहून पाहिलें आहे. बाहेर अंग भाजत असतां आंत वाऱ्याची झुळूक जाणवत होती. ज्या कारागिरांस विद्यार्थ्यांसाठीं अशी हवा खेळविणें साधलें, त्यांच्या पूर्वीच्या पिढीस रोग्यांसाठीं तें अगदीं अपरिचित असेल असें संभवत नाहीं. हें अनुमान आहे व तें अनुमान म्हणूनच वाचकांनीं घ्यावें.

चौकाभोंवतीं दवाखाना बांधण्याची रीत इस्लामी जगांत त्यापूर्वींच रूढ झाली होती. दमास्कस येथील नूरुद्दीनचा बीमारिस्तान इ. स. ११५४ चा व काहिरा येथील सुलतान कलावूनचा इ. स. १२८४ चा. दोहोंतहि मोकळा चौक व पाण्याचा हौद हें वास्तूचें हृदय आहे. इराण व अरबस्तान ह्यांकडून दक्षिणेंत आलेले हकीम ही रीत बरोबर घेऊन आले असावेत. परंतु चौक ही येथील मातीसहि परकी नव्हती. वाड्यास चौक, देवळास प्रांगण व मठास अंगण होतेंच. म्हणून बाहेरची रीत येथें उपरी वाटली नाहीं.

५. हैदराबादची दारुश्शिफा

येथपर्यंत अनुमानाचा आधार घ्यावा लागला. हैदराबादेस आल्यावर प्रत्यक्ष वास्तु हातीं लागते. गोवळकोंड्याचा सुलतान महंमद कुली कुतुबशाह ह्यानें हैदराबाद शहर वसविल्यानंतर लौकरच, इ. स. १५९५ मध्यें, मुशी नदीच्या दक्षिणेस दारुश्शिफा बांधली. मधें प्रशस्त चौक, भोंवतीं दोन मजल्यांच्या कमानदार खोल्यांच्या ओळी, समोर मशीद, अशी तिची मांडणी. येथें यूनानी वैद्यकाचें अध्यापनहि चाले. तींत चारशें रोग्यांची सोय होती असें परंपरा सांगते. आंकडा थोडा कमी धरला तरी वास्तूचा विस्तार पाहतां तो अशक्य वाटत नाहीं.

ह्या योजनेंत रोग्याच्या दृष्टीनें काय साधलें तें पाहूं. प्रत्येक खोलीचें तोंड मोकळ्या चौकाकडे असल्यामुळें कोणाहि रोग्यास भिंतीकडे पाहत पडून राहावें लागत नसे. रस्त्याची धूळ व गलबला बाहेर राही. बरा होऊं लागलेला मनुष्य सावलींतून चौकाभोंवतीं चालूं शके. शुश्रूषा करणाऱ्यास चौकांत उभें राहून चोहोंकडे नजर ठेवतां येई. आणि रात्रीं थंड झालेली हवा चौकांत सांचून दिवसा खोल्या निववीत असे. चरकानें राजाच्या घरासाठीं सांगितलेल्या लक्षणांपैकीं बहुतेक येथें रयतेच्या घरांत उतरलेलीं दिसतात. चरक वाचून कोणी दारुश्शिफा आंखली असें आम्ही म्हणत नाहीं. एकाच हवेंत राहणाऱ्या, एकाच दुखण्यानें कण्हणाऱ्या माणसांस दोन वाटांनीं एकच गोष्ट सुचली, एवढेंच म्हणणें पुराव्यास धरून होईल.

निजामाच्या काळीं इ. स. १८४६ मध्यें हैदराबादेस वैद्यकशाळा निघाली व तींत पाश्चात्त्य वैद्यक उर्दूंतून शिकविलें जाऊं लागलें. मुशीच्या उत्तर तीरीं अफजलगंज येथें इस्पितळ उभें राहिलें. गुंगीचें औषध क्लोरोफॉर्म ह्याच्या सुरक्षिततेविषयीं एडवर्ड लॉरी ह्याच्या पुढाकारानें १८८८ व १८८९ मध्यें जीं दोन मंडळें बसलीं व ज्यांच्या निष्कर्षांची चर्चा इंग्लंडांतहि झाली, त्यांचें काम हैदराबादेसच झालें.

२८ सप्टेंबर १९०८ रोजीं मुशीस महापूर आला. सुमारें पंधरा हजार माणसें दगावलीं व अफजलगंजचें इस्पितळ वाहून गेलें. त्याच्या आवारांत एक चिंचेचें झाड होतें. त्यावर चढून सुमारें दीडशें लोक वांचले, व तें झाड आजहि त्या स्मृतीसाठीं जपलें जातें. इस्पितळ बुडालें व त्याच्या अंगणांतील झाडानें माणसें वांचविलीं, ह्या घटनेवर अधिक भाष्य नको.

पुरानंतर विश्वेश्वरय्या ह्यांच्या सल्ल्यानें नदीवर जलाशय झाले आणि व्हिन्सेंट एश ह्या वास्तुविशारदाच्या योजनेनें उस्मानिया इस्पितळाची भव्य इमारत १९२५ मध्यें पुरी झाली. बाहेरून तिचे घुमट व मनोरे नजरेंत भरतात. परंतु रोग्यास त्यांचा उपयोग नाहीं. त्यास उपयोगी पडल्या त्या उंच छताच्या लांब शाळा, समोरासमोरच्या मोठ्या खिडक्या व बाहेरील सावलीच्या पडव्या. नांदेड, बिलोली व देगलूर ह्या भागांतून अवघड दुखण्याचा रोगी गाडींत घालून हैदराबादेस नेण्याची चाल तेव्हांपासूनची. जुलै १९२० नव्हे, २०२० मध्यें, म्हणजे पाऊण शतकाहून अधिक सेवा झाल्यावर, मुसळधार पावसांत गटाराचें पाणी तिच्या कक्षांत शिरलें व ती इमारत रोग्यांसाठीं बंद करण्यांत आली. जानेवारी २०२५ मध्यें गोशामहल येथें नव्या इस्पितळाची कोनशिला बसविली गेली. वास्तु कितीहि चांगली असो, तिची डागडुजी हें उपचाराचेंच अंग आहे, हा ह्या प्रकरणाचा धडा होय.

६. वारा व ऊन ह्यांचें युग आणि त्याचा शेवट

इंग्रजी अमलांत मुंबई इलाख्यांत जी इस्पितळें झालीं त्यांच्यामागें दुसरीच विचारसरणी होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिनें १८५९ मध्यें इस्पितळांवर जें पुस्तक लिहिलें त्यांत एकमेकांपासून सुट्या, दोन्ही बाजूंस खिडक्या असलेल्या लांब शाळांचा पुरस्कार होता. दूषित हवेनें रोग होतो ही तिची समजूत पुढें मागें पडली, तरी तिनें सुचविलेल्या खिडक्या मात्र खऱ्या ठरल्या. पुण्याचें ससून इस्पितळ (१८६७) ह्याच काळांतील. १८८२ मध्यें कॉख ह्यानें क्षयाचे जंतु दाखविले. परंतु त्यांवर औषध नव्हतें. म्हणून ऊन, वारा, विश्रांति व अन्न हेंच औषध ठरलें, व वास्तु हीच चिकित्सा झाली. पांचगणीचें डॉ. बिलिमोरिया ह्यांचें बेल-एअर (१९१२) व मिरजेजवळील वानलेसवाडीचें क्षयरुग्णालय (१९२०) हीं ह्या विचाराचीं आमच्याकडील उदाहरणें. तेथील उघड्या पडव्यांत रोगी महिनेच्या महिने निजत.

१९४३ मध्यें स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला व पुढील दहा-पंधरा वर्षांत क्षय गोळ्या-सुयांनीं बरा होऊं लागला. ही मानवजातीची मोठी कमाई होय. परंतु तिचा एक परिणाम असा झाला कीं, औषध आहे तर खिडकी कशाला, असा हिशेब बांधकाम करणाऱ्यांनीं मांडला. छतें खालीं आलीं, खोल्या जाड झाल्या, पडव्या कपाटांनीं व कचेऱ्यांनीं भरल्या.

ह्या हिशेबांतील चूक अलीकडच्या संशोधनानें दाखविली आहे. १९८४ मध्यें रॉजर उल्रिक ह्यानें अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतांतल्या एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ च्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या तेवीस जोड्या त्यानें लावल्या; एकाच्या खिडकींतून झाडें दिसत, दुसऱ्याच्या खिडकींतून विटांची भिंत. झाडें दिसणारे रोगी लौकर घरीं गेले व त्यांस तीव्र वेदनाशामकें कमी लागलीं. २००७ मध्यें पेरू देशांतील लिमा येथें आठ रुग्णालयांतील हवा मोजण्यांत आली. पन्नास वर्षांपूर्वींच्या, उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या जुन्या कक्षांत नव्या कक्षांपेक्षां हवा कितीतरी अधिक वेळां पालटते, म्हणून हवेंतून पसरणाऱ्या क्षयाचा धोका तेथें कमी, असें आढळलें. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ मध्यें नैसर्गिक वायुवीजनावर मार्गदर्शक ग्रंथ काढला, व २०२० च्या साथीनें त्या ग्रंथाचें महत्त्व सर्वांस शिकविलें. येथें दुसऱ्या पक्षासहि उत्तर मिळतें. चरकानें उत्तम निरीक्षण केलें. परंतु किती हवा, कोणत्या खोलींत, कोणत्या रोगासाठीं, हें मोजण्याचें शास्त्र नवें आहे व तें नाकारण्यांत परंपरेचा गौरव नाहीं.

७. वृद्धांची जागा

रोगी बरा होऊन घरीं जातो. वृद्धास जेथें ठेवावें तेंच त्याचें घर. मराठवाड्यांतील जुन्या वाड्यांत ही जागा ठरलेली होती. दरवाज्यांतून आंत शिरतांच दोन्ही अंगांस उंच बैठकीची ढाळज असे. घरांतील म्हातारा मनुष्य तेथें बसे. रस्त्यावरून जाणारायेणारा त्यास रामराम करी, नातवंडें भोंवतीं खेळत, आणि आंतील बायकांच्या कामांत अडथळा न येतां घराची राखण होई. म्हाताऱ्या बायकांची जागा ओसरीवर. वर पांढऱ्या मातीच्या जाड थराचें माळवद असल्यामुळें उन्हाळ्यांत गारवा व हिंवाळ्यांत ऊब राही. ह्या व्यवस्थेस कोणी वृद्धसेवेची वास्तु म्हटलें नाहीं. परंतु ती तशी होती.

तिचें गुणगान करतांना एक भयंकर सत्य विसरतां येत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारें आठ हजार माणसें मेलीं, तीं मुख्यतः ह्याच माळवदांच्या मातीखालीं व चिखलांत रचलेल्या दगडी भिंतींखालीं. जें छप्पर थंडावा देत होतें तेंच काळ झालें. पुनर्वसनांत भक्कम घरें दिलीं गेलीं, गांवें हलविलीं गेलीं. नव्या घरांची उष्णता, रुंद रस्ते व तुटलेला शेजार ह्यांविषयींचें असमाधान मात्र अभ्यासकांनीं नोंदविलें आहे, व तें वृद्धांस अधिक जाणवावें हें स्वाभाविक आहे; कारण तरुणास चालून शेजार गांठतां येतो, वृद्धास येत नाहीं. सुरक्षितता व स्वास्थ्य ह्यांपैकीं एकच निवडावें लागेल असा ह्याचा अर्थ नव्हे. भूकंपास टिकेल अशी चौकट बांधून तींत ढाळज ठेवतां येते. ती ठेवण्याचें कोणाच्या मनांत आलें पाहिजे.

निराधार वृद्धांसाठीं वेगळ्या वास्तूची कल्पना आमच्याकडे उशिरां आली. मुंबईंत म्हाताऱ्या व लंगड्या जनावरांसाठीं पांजरपोळ १८३४ मध्यें निघालें. पुण्यांत डेव्हिड ससून ह्यांच्या देणगीनें अनाथ-पंगूंचें गृह निघालें तें त्यानंतर सुमारें तीस वर्षांनीं. तें आज निवारा ह्या नांवानें ओळखलें जातें. माणसाच्या म्हातारपणाची काळजी कुटुंब घेईलच अशी खात्री होती, व जनावराची कोणी घेईल अशी नव्हती, हा त्याचा उलगडा असावा. ती खात्री आतां पूर्वींसारखी राहिली नाहीं. २०११ च्या शिरगणतींत भारतांत साठ वर्षांवरील माणसें शेंकडा ८.६ होतीं. २००७ च्या कायद्यानें प्रत्येक जिल्ह्यांत किमान दीडशें निराधार वृद्धांची सोय होईल असें एक तरी वृद्धगृह असावें अशी योजना केली आहे. दीडशें ही संख्या शासनास सोयीची आहे. ढाळजेंत बसलेल्या म्हाताऱ्यास ती कशी वाटेल, हें नकाशा काढणाऱ्यानें स्वतःस विचारावें.

८. उपसंहार

ह्या विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. रोग्यांसाठीं उत्पन्न लावून दिलेल्या शाला दक्षिणेंत अकराव्या शतकापासून निश्चित आढळतात. रोग्यासाठींच आंखलेली व पाहतां येण्यासारखी वास्तु सोळाव्या शतकाच्या अखेरीस हैदराबादेंत मिळते, व बेदरचा दवाखाना हा तिचा पूर्वज मानण्यास सबळ कारण आहे. ह्या वास्तूंत चौक, सावली, वारा व दृष्टीस विसांवा ह्या गोष्टी शोभेच्या नसून योजनेच्या मुळाशीं होत्या. एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी पद्धतीनें निराळ्या मार्गानें त्यांचाच पुरस्कार केला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत औषधांच्या यशामुळें त्या मागें पडल्या, व आतां मोजमापाच्या आधारें त्या पुनः पुढें येत आहेत.

सरकारी निकषांप्रमाणें सपाट प्रदेशांत तीस हजार वस्तीस एक प्राथमिक आरोग्यकेंद्र असावें, व त्यावरचें ग्रामीण रुग्णालय तीस खाटांचें असावें. खाटांची संख्या निकषांत आहे. खाटेवरून काय दिसावें तें निकषांत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं मराठवाड्यांतील एका रुग्णालयांत प्रस्तुत लेखक एका नातलगास भेटावयास गेला असतां, शेजारच्या खाटेवरील वृद्ध बाई परिचारिकेस विनवीत होती, 'बाई, मला जरा व्हरांड्यांत निजवा, इथं जीव घुसमटतो.' परिचारिका भली होती, परंतु व्हरांड्यास लोखंडी जाळी घालून त्यांत मोडक्या खाटा रचल्या होत्या. त्या बाईनें चरक वाचला नव्हता व उल्रिकहि वाचला नव्हता. तिला जें हवें होतें तें तिच्याच मुलखांत, चारशें वर्षांपूर्वीं, सुलतानानें रयतेसाठीं बांधून दिलें होतें.

शेवटीं एक विनंति. वैद्यांस व हकीमांस इनामें दिल्याचे उल्लेख पेशवे दप्तरांत आहेत. निजामाच्या मुलखांतहि अशा देणग्या होत असत. नायगांव, बिलोली, देगलूर, कंधार व मुखेड ह्या भागांतील जुन्या घराण्यांच्या रुमालांत अशा सनदा, दवाखान्यासाठीं दिलेल्या जमिनींचे कागद किंवा धर्मशाळांचे नकाशे असल्यास ते जपून ठेवावेत व त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्यात. बेदरच्या दवाखान्यास लावून दिलेल्या गांवांपैकीं एखाद्याचें नांव जरी ह्या कागदांतून हातीं आलें, तरी आज फेरिश्त्याच्या एका वाक्यावर उभी असलेली हकीकत भूमीवर पाय टेकील.